मार्चमध्ये केस नकोत

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. जतपासून अथणी-विजापूरपर्यंतचा पेशंट इथे येतो, त्यामुळे भूल देणाऱ्या डॉक्टरला इथे कामाची ददात नसते. मी सीए. माझे एक क्लायंट असेच भूलतज्ज्ञ आहेत. स्वतःचं हॉस्पिटल नाही. सकाळी एका ठिकाणी हाडांची ऑपरेशनं, दुपारी दुसरीकडे हर्निया नाहीतर पित्ताशय, रात्री कुठूनही सिझरचा फोन. फी थेट खात्यात, दहा टक्के टीडीएस कापून. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे केलेत. गणित तेच आहे.)

मार्च २०२५च्या पहिल्या आठवड्यात ते ॲडव्हान्स टॅक्ससाठी, म्हणजे वर्ष संपायच्या आत भरायच्या करासाठी, ऑफिसात आले. आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली रिटर्न भरणाऱ्यांना चार हप्ते नसतात, सगळा कर १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो. सव्वीस एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या टीडीएसच्या उताऱ्यात, डिसेंबरपर्यंतचंच दिसत होतं, म्हणून पुढचं त्यांच्या डायरीवरून लावलं. ही डायरी बघण्यासारखी असते. तारीख, हॉस्पिटल, सर्जनचं नाव, पेशंटचं फक्त आडनाव, ‘स्पायनल’ (कमरेखालची भूल) की ‘जीए’ (पूर्ण भूल), आणि शेवटी फी. बेरीज आली साडेएकाहत्तर लाख. महिन्याला सरासरी साडेसहा लाख पडत होते.

“डॉक्टर, मार्च नेहमीसारखा गेला तर तुम्ही पंचाहत्तरच्या वर जाताय.”

“मग? वरच्या तीन लाखांवर तीस टक्के. दरवर्षी भरतोच की ओ मॅडम.”

तसं असतं तर मी बोललेच नसते. डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट अशा मंडळींना ४४एडीएत मोठी सोय आहे. वर्षाची जमा ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि तेवढ्यावर कर भरायचा. वह्या नकोत, ऑडिट नको. ही मर्यादा पूर्वी ५० लाख होती. २०२३-२४पासून रोखीची जमा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ती ७५ लाख झाली. पण पंचाहत्तरच्या वर एक रुपया गेला की सोय त्या रुपयापुरती जात नाही, सगळ्या रकमेवरून जाते. मग खरा खर्च वजा करून खरा नफा दाखवायचा, वर ऑडिट. (ऑडिटची फी मलाच मिळणार होती, हेही सांगून टाकलं.)

भूलतज्ज्ञाचा खरा खर्च असतो किती? गाडी, ड्रायव्हर, स्वतःचा मॉनिटर, इंडेम्निटीचा विमा, हाताखालचा एक माणूस. ओढूनताणून चौदा लाख झाले. व्याज वगैरे बाजूला ठेवून मी नव्या करप्रणालीने दोन आकडे मांडले. जमा बरोबर ७५ लाख असेल तर उत्पन्न साडेसदतीस लाख, आणि कर सेससकट ८,४७,६००. जमा ७६ लाख झाली तर उत्पन्न ६२ लाख. ते पन्नासच्या वर म्हणून दहा टक्के सरचार्जही आला, आणि कर १७,७३,२००.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. एक लाख जास्त कमावायचे आणि सव्वानऊ लाख जास्त भरायचे, यावर त्यांचा विश्वास बसेना. दोनदा स्वतःच्या मोबाइलवर आकडेमोड करून पाहिली. मग विचारलं, “मग किती कमावले तर परवडेल?” प्रश्न अगदी बरोबर होता. खर्च तेवढाच धरला तर साधारण साडेअठ्ठ्याऐंशी लाखांपाशी हातात पुन्हा तेवढेच पैसे उरतात, जेवढे ७५ लाखांवर उरले असते. मधल्या तेरा-साडेतेरा लाखांचं काम फुकट. एका मार्चमध्ये तेवढं होणं शक्यच नव्हतं.

पहिली पळवाट त्यांनीच सुचवली. मार्चच्या केसचे पैसे हॉस्पिटलं तसेही मेमध्ये देतात, मग ते पुढच्या वर्षात धरू. पण हॉस्पिटल बिल मार्चमध्ये नोंदवतं, टीडीएस तेव्हाच कापतं, आणि ती रक्कम याच वर्षात दिसते. आणि आम्ही आजवरची सगळी रिटर्नं सव्वीस एएसशी जुळवून, बिलाच्या तारखेप्रमाणे भरलेली. हिशेबाची पद्धत एका वर्षापुरती सोयीने बदलता येत नाही. मी नाही म्हटलं, ते लगेच समजले.

साडेतीन लाखांची जागा शिल्लक होती, म्हणजे पंधरा-सोळा दिवसांचं काम. त्यांनी तिथेच बसून फोन लावायला सुरुवात केली. “मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात मला केस नकोत. नाही, तब्येत चांगली आहे. एक तारखेनंतर कितीही लावा.”

तासाभरात मला एका हाडांच्या सर्जनचा फोन आला. ओळख फक्त लग्नसमारंभातली. “मॅडम, आमच्या डॉक्टरला काय सांगितलंत तुम्ही? माझे गुडघे लागलेत ओळीने!” क्लायंटचं काही सांगता येत नाही, एवढंच म्हणाले. ते गुडघे एप्रिलवर ढकलता आले. काही लिस्ट, म्हणजे दिवसभराच्या ठरलेल्या केस, दुसऱ्या भूलतज्ज्ञांनी घेतल्या. पण मिरजेतसुद्धा अनुभवी माणूस ऐन वेळी मिळतोच असं नाही, आणि सर्जनला आपला सवयीचा हात लागतो.

अडचण झाली इमर्जन्सीची. दुसऱ्या पंधरवड्यात रात्री दोनला सिझरचा फोन आला आणि हे उठून गेले. जाणारच होते. सकाळी हॉस्पिटलला सांगितलं, माझी फी लावू नका, पेशंटच्या बिलातूनही काढा. असं दोन-तीनदा झालं. मग तिथल्या अकाउंटंटने मला फोन करून विचारलं, की भूल दिल्याची नोंद आहे आणि फी शून्य आहे, हे बसवायचं कुठे. मी म्हटलं, शून्यच लिहा. फक्त हे पैसे एप्रिलमध्ये दुसऱ्या नावाने येऊ देऊ नका. डॉक्टरांनाही तेच बजावलं. म्हणजे माणूस रात्री दोनला उठायला तयार होता, बिल करायला नव्हता. जास्त कराने काम करायची इच्छा मरते असं सरसकट म्हणणारी माणसं भेटतात, तेव्हा मला हे आठवतं. तीस टक्क्यांनी या माणसाला कधी थांबवलं नव्हतं. थांबवलं ते एका पायरीने.

दराने माणूस थांबावा असे दिवसही होऊन गेले. मी ज्यांच्याकडे आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) केली ते सर १९७३-७४ची गोष्ट सांगायचे. तेव्हा दोन लाखांवरच्या उत्पन्नावर ८५ टक्के कर आणि त्यावर १५ टक्के सरचार्ज, एकूण ९७.७५ टक्के. वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये घरी. त्याआधीच, १९७१मध्ये, प्रत्यक्ष करांवर सरकारने नेमलेल्या वांछू समितीने सांगितलं होतं की करचुकवेगिरीचं मोठं कारण हे दरच आहेत, ते ७५ टक्क्यांवर आणा. १९७४-७५मध्ये ते ७७ झाले. सर म्हणायचे, त्या काळात कोणी काम कमी केलेलं मी फार पाहिलं नाही, पावत्या कमी झालेल्या पाहिल्या. डॉक्टरांकडे रोखीचं पाकीट यायचं ते त्याच दिवसांत अंगवळणी पडलं असावं.

त्या पाकिटाबद्दल मात्र या कलमाला दाद द्यायला हवी. तालुक्याच्या एका नर्सिंग होमवाल्यांची फी अजूनही रोखीत द्यायची सवय होती. रोख पाच टक्क्यांच्या वर गेली की मर्यादा पुन्हा पन्नासवर येते, हे कळल्यावर आमच्या डॉक्टरांनी पाकिटं परत पाठवली. खात्यात टाका, नाहीतर दुसरा माणूस बघा. इतक्या वर्षांत मी सांगून जे झालं नव्हतं, ते असं झालं.

डॉक्टरांचा एक बॅचमेट इंग्लंडात सरकारी हॉस्पिटलात कन्सल्टंट आहे. त्याला हे फोनवर सांगितल्यावर तो हसला म्हणे. तिकडे २०१६पासून जास्त कमावणाऱ्यांची पेन्शनवरची करसवलत उत्पन्नाबरोबर आटत जायची. जादा शिफ्ट केली की सवलत कमी, आणि हातात न आलेल्या पेन्शनवर कराचं बिल घरी. सिनियर डॉक्टरांनी जादा शिफ्ट नाकारायला सुरुवात केली, ऑपरेशनच्या रांगा वाढल्या. शेवटी मार्च २०२०च्या अर्थसंकल्पात ज्या उत्पन्नापासून सवलत आटायला लागते ती मर्यादा ९० हजार पौंडांनी वर नेली. तिथे अख्खी व्यवस्था अडली, म्हणून सरकार हललं. आमच्या एका भूलतज्ज्ञाच्या पंधरवड्याने दिल्लीत कोण कशाला हलतंय?

उपाय अवघड नाही. मर्यादेच्या वर गेलेल्या रकमेपुरतीच सोय हळूहळू काढून घेता येईल. पन्नास लाखांच्या सरचार्जला मार्जिनल रिलीफ (मर्यादा थोडक्यात ओलांडणाऱ्याला सूट) आहे, तसंच काहीतरी. तो रिलीफही गमतीचाच आहे. पन्नासच्या लगेच वरच्या टप्प्यात वाढीव रुपया पूर्ण करात जातो आणि त्यावर चार टक्के सेस खिशातून. पण निदान नऊ लाखांचा खड्डा तरी नाही.

वर्ष ७५ लाखांच्या थोडं आत बंद झालं. १ एप्रिलला त्यांच्या डायरीत सात केस होत्या. पुढे काय करायचं यावर आम्ही बसलो. एक तर दरवर्षी पंचाहत्तरच्या आत थांबायचं, नाहीतर एक ज्युनियर हाताशी घेऊन थेट कोटीच्या पुढे जायचं. मधे राहण्यात अर्थ नाही. पन्नाशी उलटली होती, त्यांनी थांबायचं ठरवलं. आता ते सप्टेंबरपासूनच लिस्ट कमी घेतात आणि दर महिन्याला बेरीज पाठवतात.

यंदा जानेवारीत त्यांनी आणखी एका भूलतज्ज्ञाला माझ्याकडे पाठवलं. डिसेंबरअखेर त्यांची जमा अडुसष्ट लाख झाली होती. मी आधी विचारलं, “यात रोखीचे किती?”