ब्रेकची एअर, पण एकटीने

ब्रेकची एअर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपांत अडकलेली हवा, काढायची तर माणसं दोन लागतात, एक चाकाशी आणि एक पेडलवर. आमच्याकडे पेडलवर नवरा असायचा, आणि त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये. "दाब, दाब, धर!" असं ओरडून मी चाकाजवळचा निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करायची आणि मी आवळायच्या आत हा पाय उचलायचा. पाय उचलला की निपलमधून हवा परत आत. शेजारच्या काकूंना वाटायचं आमचं भांडण चाललंय. अगदीच चुकीचं नव्हतं ते.

म्हणून हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप घेतला. पिस्तुलासारखी मूठ, वर गेज, पारदर्शक नळी आणि मध्ये एक बाटली. बाटली वगळून चालत नाही, नाहीतर जुनं ब्रेक ऑइल थेट पंपात जातं.

गाडी जुनी वॅगन आर, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबलं की पाइपांत ऑइल ढकलणारा भाग) सगळ्यात लांबचं म्हणून मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करते. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघायचं. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं काळपट ऑइल सिरिंजने काढून नवीन भरायचं. ती घाण सगळ्या पाइपांतून ओढत बसण्यात अर्थ नाही. निपलवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे. चिपळूणचा पाऊस खाल्लेला निपल जोर केला की सरळ मोडतो, आणि मग ते काम घरचं राहत नाही.

निपलवर आधी रिंग पाना, त्यावर नळी. मूठ दाबत गेज पाऱ्याच्या पंधरा-वीस इंचांवर आणायचा आणि निपल जेमतेम पाव फेरा सैल करायचा. नळीतून आधी चहासारखं ऑइल येतं, मग हळूहळू मधाच्या रंगाचं. गेज शून्याकडे पोचायच्या आत निपल बंद. टाकीवर मात्र सतत डोळा हवा, ती रिकामी झाली की वरूनच हवा शिरते आणि सगळं मुसळ केरात.

आता बुडबुड्यांचं. या पंपाने काम करताना बुडबुडे थांबतच नाहीत, आणि नवखा माणूस ऑइलचे डबेच्या डबे ओतत बसतो. त्यातले बरेचसे पाइपातले नसतातच. निपल सैल असतो तेव्हा त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते आणि तीच नळीत दिसते. आट्यांच्या बुडाशी थोडं ग्रीस लावलं, किंवा निपल काढून नुसत्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली, की खूप फरक पडतो. टोकाच्या उतारावर आणि भोकावर टेप येता कामा नये. सारखी बारीक माळ दिसली तर मी आट्यांवर संशय घेते; मधूनच मोठा फुगा आला तर तो आतला असण्याची शक्यता जास्त.

व्हॅक्यूमची ताकद तरी किती? फार तर एका वातावरणाच्या दाबाएवढी. पायाने दाबलं की त्याच पाइपात त्याच्या कितीतरी पट दाब तयार होतो. म्हणून कोपऱ्यात अडकलेला एखादा बुडबुडा पंपाला दाद देत नाही. शेवटी प्रत्येक चाकाला दोन-चारदा पेडलनेच मारून घेते, तेवढ्यापुरता नवरा फोन ठेवतो. मागच्या ड्रमला व्हॅक्यूमही बेताचाच देते, कारण तिथले रबरी कप आतला दाब अडवायला बनवलेले असतात. उलटं ओढलं तर त्यांच्या कडेने हवा शिरू शकते.

एवढा खटाटोप कशाला, असं भाऊजी विचारतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शिरलं की ती हमी १५५ वर येते. पाटणहून येताना कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याच्या कॅलिपरमध्ये (डिस्कला पकडणारा भाग) तेवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, गाडी थांबत नाही. म्हणून उघडा राहिलेला डबा मी पुढच्या वर्षी वापरत नाही. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी, पुसत बसायचं नाही.

झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरायचं. ते कडक लागलं पाहिजे आणि हळूहळू खाली जाता कामा नये. मग तसंच धरून इंजिन चालू केलं की पेडल थोडं खाली जातं. ते बूस्टरचं, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणाऱ्या भागाचं, काम आहे, त्याला एअर समजून पुन्हा चाकं खोलू नका.