पेटंटचा दुसरा मालक

कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान नावाचा औद्योगिक पदार्थ काढायचं आमचं युनिट रत्नागिरीजवळ चालू झालं, माल बाहेर जायला लागला, आणि तेव्हापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "भांडवलाचं कसं केलंत?" भांडवलाचं काही अडलं नाही हो. पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत, उत्पादन उद्योगाचा ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आहे, आणि जिल्हा उद्योग केंद्रातल्या माणसांनी अर्ज समोर बसवून भरून घेतला. उद्यम नोंदणी घरबसल्या झाली. प्रदूषण मंडळाची संमती वेळेत आली. आमचं घोडं अडलं ते पेटंटच्या परवान्यावरच्या एका सहीवर, आणि ती सही नेमकी कोणाची हवी हेच कोणी सांगत नव्हतं. माझं डोकं त्यावरून अजून थंड झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझं शिक्षण रसायनशास्त्राचं, लोट्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये बरीच वर्षं काढली. दीर मिरकरवाड्याला बर्फाच्या आणि मासळीच्या धंद्यात. कोळंबी सोलली की डोकं आणि टरफल मिळून वजनाचा जवळपास निम्मा भाग कचऱ्यात जातो. त्या ढिगाकडे बघून भाऊजी दरवर्षी म्हणायचे, "वहिनी, तुमच्या केमिस्ट्रीत ह्याचं काही होतं का बघा." होतं. टरफलात कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिनं आणि कायटिन. पातळ ॲसिडने कॅल्शियम काढायचं, पातळ कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची, उरलेलं कायटिन तीव्र कॉस्टिकमध्ये गरम केलं की कायटोसान. शेतीच्या फवारण्या, पाणी स्वच्छ करण्याचे कारखाने, औषधं, सगळीकडे जातं. हा क्रम कोणत्याही पुस्तकात आहे. पण एका सरकारी प्रयोगशाळेने कॉस्टिक आणि पाणी दोन्ही बरंच कमी लागेल अशी पद्धत बसवून पेटंट घेतलं होतं, आणि त्यांच्या पत्रकावर ठळक लिहिलं होतं, 'हस्तांतरणासाठी सज्ज'. पत्रकावर टीआरएल ७ असंही होतं, म्हणजे तंत्रज्ञान वापरायला कितपत तयार आहे त्याचा आकडा. ही १ ते ९ ची पट्टी मुळात नासाची. ४ म्हणजे प्रयोगशाळेत तपासलेलं, ७ म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी नमुना चालवून पाहिलेला. आकड्यावर जाऊ नका. "सर, आजवरची सगळ्यात मोठी बॅच किती किलोची?" एवढं विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

ज्यांनी ते शोधलं ते शास्त्रज्ञ सर भला माणूस. गोपनीयतेच्या करारावर सह्या झाल्या, त्यांनी हाताने बॅच काढून दाखवली, शंका विचारल्या तर चिडले नाहीत. फी ठरली, रॉयल्टीचा टक्का ठरला. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आम्हालाच वापरता येईल असा, परवाना आम्ही मागितलाच नाही. महाग पडतो आणि लहान माणसाला झेपत नाही. फीवर १८ टक्के जीएसटी असतो, तो प्रकल्प अहवालात धरा. आमच्या सीएने धरला होता म्हणून बरं.

त्यानंतर संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाकडून कराराचा मसुदा यायचा होता. तो आलाच नाही. फोन केला की "फाईल वर गेली आहे, मॅडम." पुढच्या वेळी साहेब टूरवर. मग "समितीची बैठक लागली की घेऊ." बैठक झाली, तर आमचा विषय 'वेळेअभावी पुढे'. आपल्याकडे कोकणात कामं गणपतीनंतरवर टाकतात म्हणून हसतात लोक. निदान गणपती दरवर्षी ठरल्या दिवशी येतात! इथे बँक विचारतेय, "परवान्याची प्रत कुठे?" आणि कक्ष सांगतोय, "तुमचं कर्ज मंजूर असल्याचं पत्र द्या, मग करार पुढे सरकेल." बँकेच्या मंजुरीची मुदत संपत आलेली, टाकीवाल्याचं कोटेशन संपलेलं, नव्याने मागितलं तर स्टेनलेसचा भाव चढलेला. वरून जून-जुलैची मासेमारी बंदी तोंडावर. बंदीत टरफल मिळत नाही, म्हणजे त्याआधी चाचणी बॅच निघाली नाही तर सगळं ऑगस्टच्या पुढे.

शेवटी एका रात्री पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतःच शोधायला बसले. पेटंटचा क्रमांक टाकला. अर्जदार दोन! एक ही प्रयोगशाळा, दुसरं एक शिक्षणसंस्थेचं नाव, जिचा पत्रकात, बैठकीत, फोनवर कुठेच उल्लेख नाही. पीएचडीचं काम दोन्हीकडे मिळून झालेलं असतं, मग पेटंटवर दोघांची नावं लागतात. त्यात गैर काही नाही. पण पेटंट कायदा १९७० च्या कलम ५० प्रमाणे सहमालकांपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. म्हणजे इतके महिने आमच्याशी फी आणि रॉयल्टी ठरवणाऱ्यांना एकट्याने सही करण्याचा अधिकारच नव्हता. हे कक्षातल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "हो, ते आहेच. त्यांना पत्र लिहिलंय." कधी लिहिलं? "बघावं लागेल."

दुसऱ्या संस्थेत गेले तर तिथे पेटंट हा शब्द ऐकल्यावर मला आधी ग्रंथालयात पाठवलं. तिथून परीक्षा विभागाच्या शेजारची एक खोली. तिथल्या बाई खूप चांगल्या, चहा दिला, पण त्यांच्याकडे फक्त आवक नोंदवही. मार्गदर्शक प्राध्यापक निवृत्त झालेले, पत्र ज्या अधिकाऱ्याच्या नावाने आलं त्याची बदली झालेली. बाईंनी बोट फिरवत फिरवत नोंद काढली. पत्र आलं होतं, आवक क्रमांक होता, आणि पुढच्या रकान्यात 'लेखा विभाग' असं पेन्सिलने लिहिलं होतं. लेखा विभाग म्हणे, ह्यात आमच्याकडून पैसे द्यायचे नाहीत, मग आमच्याकडे का? मी म्हटलं, पैसे तुम्हाला मिळायचे आहेत. त्यावर ते जास्तच घाबरले. कोणत्या शीर्षाखाली जमा करायचे ते ठरलेलं नव्हतं.

ओळखीच्या एका वकिलांनी सक्तीच्या, म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय मिळणाऱ्या, परवान्याची वाट सुचवली. कलम ८४ प्रमाणे पेटंट मिळून ३ वर्षं झाली आणि ते भारतात वापरात आणलं जात नसेल तर अर्ज करता येतो. भारतात असा परवाना मिळाला तो २०१२ मध्ये, कॅन्सरच्या औषधाचा, नॅटको कंपनीला. टरफलांसाठी मी तो लढा देणार नव्हते.

सुटलं ते माहितीच्या अधिकारामुळे. दोन्हीकडे १० रुपयांचा अर्ज टाकला, आणि त्यात "विलंब का झाला" असलं काही विचारलं नाही. 'का'ला उत्तर म्हणजे "प्रक्रिया सुरू आहे". मी मागितलं ते फक्त फाईलचा दिनांकवार प्रवास: कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर, कोणाच्या टिपणीसह, आणि त्या टिपणीची प्रत. उत्तराला कायद्याने ३० दिवसांची मुदत असते. मुदत संपायच्या आतच दुसऱ्या संस्थेचं एका पानाचं ना-हरकत पत्र निघालं. तीन ओळींचा मजकूर! ह्या तीन ओळींसाठी आमचा एक हंगाम गेला. आता करार सुरळीत चाललाय, तर परवा तिथूनच फोन: रॉयल्टीतला आमचा वाटा कधी मिळणार?

म्हणून कोणत्याही प्रयोगशाळेच्या दारात जाण्याआधी पेटंट क्रमांक घ्या आणि पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत दोन गोष्टी बघा. मालक किती, आणि वार्षिक शुल्क भरलेलं आहे का. शुल्क थकलं की पेटंट रद्द होतं, आणि मग तुम्ही फी नेमकी कशाची भरताय? पेटंटची एकूण मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. मंजूर व्हायलाच त्यातली काही वर्षं गेलेली असतात, तेव्हा उरलेली वर्षं मोजूनच फी ठरवा. मालक दोन असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र तयार आहे का हे पहिल्या भेटीत विचारा, आणि विचारल्याचं ईमेलने लिहून ठेवा. कुठलंही पत्र दिलं की जावक-आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

युनिट चालू झाल्यावरची गोष्ट वेगळीच. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात टरफलावर ॲसिड पडलं की थोडा फेस यायचा, सर काचेच्या कांडीने ढवळायचे. आमच्या टाकीत पहिल्या बॅचला तोच फेस कडेवरून उतू जाऊन शेडभर झाला. कार्बन डायऑक्साइड तितका निघणारच. मग जुन्या मासेमारीच्या जाळ्याच्या पिशव्या शिवून घेतल्या, टरफल त्यात भरून थोडं थोडं सोडायचं, ॲसिडही टप्प्याटप्प्याने. फेस आटोक्यात. दुसरं, रंग. नमुना पांढराशुभ्र आणि आमचा माल पिवळट. प्रयोगशाळेत धुतात डिस्टिल्ड पाण्याने, आमची विहीर जांभ्यातली, पाण्यात लोह. कायटोसान लोह धरून ठेवतं. गिऱ्हाईक रंग बघूनच भाव पाडतं. आता शेवटची धुलाई पावसाच्या साठवलेल्या पाण्याने करतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, छपराला पन्हळ लावून मोठी टाकी भरायची. ती संपली की आरओ. सर येऊन बघून गेले, जाळीच्या पिशवीचा फोटो काढून नेला. तेव्हा बरं वाटलं, खोटं का बोला.

ह्यावरून आठवलं. करारात 'सुधारणा' नावाचं कलम असतं, ते नीट वाचा. आमच्या मसुद्यात परवानाधारकाने केलेली प्रत्येक सुधारणा संस्थेची, असं होतं. ते मी खोडायला लावलं. रॉयल्टी 'निव्वळ विक्री'वर असते, त्यातून जीएसटी, वाहतूक आणि परत आलेला माल वगळल्याचं स्पष्ट लिहून घ्या. किमान रॉयल्टी असेल तर ती उत्पादन सुरू झाल्या तारखेपासून धरा, सहीच्या तारखेपासून नको, आणि मासेमारी बंदीचे महिने त्यातून वगळा. हे त्यांना सुचणार नाही, त्यांच्या गावात समुद्र नाही.

टरफलाचा पुरवठा लेखी करून ठेवा. फेकायला पैसे मोजणारा कारखानदारही तुम्ही दोनदा चौकशी केलीत की भाव सांगतो. आणि माल ताजाच घ्या. दुपारभर उन्हात पडलेल्या टरफलाचं कायटोसान पातळ पडतं, चिकटपणाच्या चाचणीत नापास होतं.

करार झाला की तो पेटंट कार्यालयात कलम ६९ खाली नोंदवायचा असतो, फॉर्म १६ भरून. हे परवाना घेणाऱ्याचं काम आहे, संस्था आठवण करत नाही. नोंद नसली तर वाद झाल्यावर करार पुराव्यात धरून घेताना नाकी नऊ येतात. फॉर्मसोबत कराराची प्रत लागते, त्यातली गोपनीय कलमं उघडी पडू नयेत अशी विनंती त्याच वेळी करता येते. आम्ही ते सगळं मुंबईच्या कार्यालयाकडे ऑनलाइनच पाठवलं.