जे दवाखान्यात आलेच नाहीत

"रोज किती रुग्ण येतात हे ओपीडीच्या नोंदवहीत असतेच, मग घरोघर फिरून तुम्ही आणखी काय मोजता?" हा प्रश्न मला नागपुरात वरचेवर विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते.

मेडिकल, मेयो किंवा डागा या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या नोंदवहीत आलेल्या माणसाचेच नाव असते. जो घरून निघालाच नाही, किंवा रांग पाहून चिठ्ठी न काढताच परतला, त्याची नोंद कुठेच होत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर वस्तीतील घरे चिठ्ठ्या टाकून निवडावी लागतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) मागील १५ दिवसांतील आजारपण विचारले होते. आम्हीही तेच विचारतो, आणि उपचार घेतला नसेल तर कारणही. उपचार न मिळालेल्यांचा आकडा सगळ्या लोकसंख्येने भागला की तो क्षुल्लक दिसतो. ज्यांना गरज होती, त्यांच्याच संख्येने तो भागला पाहिजे.

मात्र 'काही त्रास नाही' हे उत्तर मला सर्वांत अवघड वाटते. उत्तर नागपुरातील एका वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या ताई म्हणाल्या, "मला काही नाही मॅडम, कामानं डोकं दुखते, बस." दंडाला पट्टा बांधून थोड्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजला, दोन्ही वेळा वरचा आकडा १७० च्या पुढे होता. केवळ विचारून उठले असते, तर माझ्या कागदावर त्या निरोगी ठरल्या असत्या. आपल्याच विदर्भात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. सोसण्याची सवय झालेले दुखणे प्रश्नावलीला सापडत नाही. म्हणून विचारण्याबरोबर तपासणेही आलेच.

त्या ताईंना दवाखाना लांब नव्हता, गोळ्याही फुकट मिळाल्या असत्या. "दवाखाना सकाळचा, अन् माझी कामंही सकाळचीच; खाडा झाला की पैसे कापतात," त्या म्हणाल्या. आमच्या प्रश्नावलीत अंतर होते, खर्च होता, भीती होती. खाड्यासाठी रकानाच नव्हता. मी तो समासात लिहिला आणि पुढच्या पाहणीच्या प्रश्नावलीत वेगळा घेतला.