जमीन उचललेले शहर : गॅल्व्हेस्टन

ब्रॉडवे रस्त्यावरील ॲश्टन व्हिला या १८५९ सालच्या विटांच्या घराचे लोखंडी कुंपण मला पाहताक्षणी ठेंगणे वाटले. एवढा पैसेवाला व्यापारी, आणि कुंपण करताना त्याने हात आखडता का घेतला असावा, असे मी लेकीला विचारलेही. मग कळले की कुंपण चांगले उंच होते. त्याचा खालचा भाग आता मातीत आहे, कारण त्याच्या भोवतीची जमीन, आणि तिच्याबरोबर गावाचा बराचसा भाग, एका वादळानंतर भराव घालून वर आणण्यात आला.

लेक अमेरिकेत, टेक्सासमधील ह्यूस्टनला राहते. तिच्या घरापासून आग्नेयेला तासाभराच्या अंतरावर गॅल्व्हेस्टनचे बेट लागते. मेक्सिकोच्या आखातात, किनाऱ्याला समांतर पडलेली ही वाळूची लांबट पट्टी आहे. एका अंगाला आखात आणि पाठीमागे उथळ खाडी. मी मूळची श्रीवर्धनची. आमच्याकडे समुद्र खवळला तरी मागे डोंगर असतो, म्हणजे पळायचे ठरवले तर चढायला जागा असते. येथे १९०० साली बेटावरची सर्वांत उंच जागाच नऊ फुटांहून कमी होती, आणि त्यावर सुमारे अडतीस हजार लोकांचे भरभराटीचे बंदर वसले होते.

धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला इंडियानोला नावाचे बंदर होते. १८७५ सालच्या वादळाने ते मोडले, लोकांनी पुन्हा बांधले, १८८६ साली ते पुन्हा मोडले, तेव्हा लोकांनी ते कायमचे सोडले. त्या सुमारास गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्राच्या बाजूला भिंत बांधण्याची चर्चा झाली आणि मागे पडली. १८९१ साली तेथील हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहून, वादळामुळे या शहराचे मोठे नुकसान होईल ही समजूत निव्वळ भ्रम आहे, असे प्रतिपादन केले. क्लाइन हे अभ्यासू आणि कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. त्यामुळेच तो लेख अधिक महागात पडला, असे मला वाटते. एखाद्या बढाईखोराने लिहिला असता तर कोणी मनावर घेतला नसता.

१९०० सालच्या सप्टेंबरच्या आरंभी ते वादळ क्युबावरून पुढे सरकले. क्युबातील हवामानतज्ज्ञांचा अंदाज ते टेक्सासकडे जाईल असा होता. अमेरिकी हवामान खात्याला मात्र ते फ्लॉरिडाकडे वळेल असे वाटत होते, आणि क्युबाच्या निरीक्षकांविषयी खात्याच्या मनात एवढी अढी होती की वादळांविषयीच्या त्यांच्या तारांवरही निर्बंध घातलेले होते. ८ सप्टेंबरच्या शनिवारी पहाटेपासून गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर पाणी चढू लागले. वारा उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, आणि तरीही आखाताचे पाणी मागे हटण्याऐवजी वर येत होते. उलट्या वाऱ्यात एवढे पाणी चढलेले आपण कधी पाहिले नाही, असे क्लाइन यांनी तारेने कळवले. तोच उत्तरेचा वारा खाडीचे पाणी शहरात लोटत होता. दोन्हीकडची पाणी रस्त्यांत भेटली आणि संध्याकाळी पंधरा फुटांहून उंच उधाण बेटावरून गेले. क्लाइन यांच्या घरात पन्नासेक माणसे आसऱ्याला आली होती. घर कोसळले, त्यांची गरोदर पत्नी त्यात गेली. ते आणि त्यांच्या तीन मुली वाचल्या.

समुद्राला लागून सेंट मेरीज हा अनाथाश्रम होता. पाण्यात मुलांची ताटातूट होऊ नये म्हणून तेथील ख्रिस्ती जोगिणींनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेला बांधून घेतले होते. दहा जोगिणी आणि नव्वद मुले मरण पावली. मोठी तीन मुले एका झाडाला धरून तरली. सीवॉल रस्त्यावर त्या जागी लावलेला फलक वाचून होईपर्यंत लेक आणि मी एकमेकींशी बोललो नाही.

मृतांचा आकडा सहा हजार ते बारा हजार असा सांगितला जातो. सर्वसाधारणपणे आठ हजार मानतात. एवढी प्रेते पुरायला कोरडी जमीन नव्हती. ती बार्जवर चढवून, वजने बांधून समुद्रात सोडण्यात आली, आणि त्या कामाला कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने जुंपले गेले, याची नोंद शहराच्या इतिहासात आहे. काही दिवसांत प्रेते किनाऱ्याला परत लागली. त्यानंतर कित्येक आठवडे गावात चिता जळत होत्या.

इतके झाल्यावरही लोकांनी इंडियानोलासारखे गाव सोडले नाही. १९०२ ते १९०४ या काळात काँक्रीटची सतरा फूट उंच भिंत उभी राहिली. तिची समुद्राकडील बाजू मुद्दाम अंतर्वक्र ठेवली आहे, म्हणजे लाट वर चढताना माघारी वळते. भिंतीवर आज सायकली आणि आइस्क्रीमच्या गाड्या फिरतात. माझे मन मात्र दुसऱ्या कामात गुंतले. केवळ भिंतीने भागणार नाही हे ओळखून अभियंत्यांनी सारा गावच वर उचलण्याचे ठरवले. सुमारे दोन हजार इमारतींच्या जोत्याखाली स्क्रूजॅक लावून, माणसांनी एका ठेक्यावर ते फिरवत इमारती वर नेल्या. सेंट पॅट्रिक्स हे तीन हजार टनांचे चर्च सातशे जॅकांवर पाच फूट चढले. मग गावातून कालवा खणून, त्यातून आलेल्या ड्रेजरांनी, म्हणजे गाळ उपसणाऱ्या बोटींनी, वाळूमिश्रित पाणी घरांखाली सोडले. पाणी निथळे, वाळू राही. घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. १९११ पर्यंत लोक उंच फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करत होते, आणि भरावाखाली गेलेल्या जुन्या बागा मेल्या त्या मेल्याच. ज्यांनी घर उचलले नाही, त्यांचे तळघर आणि कुंपण जमिनीत गेले. ॲश्टन व्हिलाचे कोडे असे सुटले.

१९१५ सालच्या मोठ्या वादळात ही भिंत टिकली आणि शहरातील जीवितहानी थोडकी झाली. मात्र १३ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या आयक नावाच्या चक्रीवादळाने भिंतीशी सामना टाळला. पाणी मागच्या दाराने, खाडीकडून शिरले. स्ट्रँड या जुन्या बाजारपेठेत भिंतींवर त्या पाण्याच्या पातळीच्या खुणा लावल्या आहेत. काही माझ्या डोक्याच्या वर होत्या. खाऱ्या पाण्याने हजारो ओक झाडे वाळली. त्यांपैकी काहींच्या उरलेल्या बुंध्यांतून मासे, पक्षी, कुत्री कोरून अंगणात उभी केलेली दिसतात. मला २०२० च्या जूनमधील निसर्ग वादळ आठवले. आमच्याकडे पोफळी मोडून पडल्या, आणि पोफळीच्या सडपातळ खोडातून कोरायला काही उरत नाही. ती पन्हळीला किंवा चुलीला जाते.

दुपारी फुकटच्या फेरीबोटीने आम्ही पलीकडच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर गेलो. तेथील लोखंडी पत्र्याने मढवलेला दीपस्तंभ १९३३ सालापासून विझलेला आहे. १९०० च्या त्या रात्री सव्वाशेच्या आसपास माणसे त्याच्या गोल जिन्यावर बसून वाचली. आयकने बोलिव्हर जवळजवळ धुऊन नेले होते. आताची घरे उंच खांबांवर आहेत, खाली गाड्या, वर माणसे. रस्त्याच्या कडेला कोळंबी विकणाऱ्या आजोबांना त्यांच्या जुन्या घराचे काय उरले होते असे विचारले. “खांब,” ते म्हणाले, आणि आमच्या पिशवीत आणखी मूठभर बर्फ घातला.