मेजर राणे यांच्या कारवारात

गोव्याला जाणारी बहुतेक मंडळी कारवारकडे फिरकत नाहीत. आम्ही गेलो ते परमवीरचक्राचे मानकरी मेजर राम राघोबा राणे यांच्यासाठी. मुंबईहून मांडवी एक्सप्रेसने मडगाव, पुढे बस. थेट गाड्याही आहेत, पण कारवारचं स्टेशन गावाबाहेर शिरवाडला आहे. अपरात्री उतरलात तर रिक्षावाल्याशी घासाघीस आलीच. बस गावात सोडते आणि तिथून टागोर बीच चालत गाठता येतो.

बीचवर हायवेलगतच ‘आयएनएस चपळ’ ही निवृत्त क्षेपणास्त्र नौका ठेवली आहे आणि शेजारी राण्यांचा पुतळा, २००६ साली बसवलेला. गर्दी सगळी नौकेला. पुतळ्यापाशी लोक सेल्फीपुरते थांबतात. एका काकांनी विचारलं, “कुठल्या लढाईत गेले हो हे?” म्हटलं, कुठल्याच नाही, १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले. काका चक्क हिरमुसले! परमवीरचक्र म्हटलं की आपल्याला हुतात्माच लागतो.

राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले, रस्ता करून देणारे. एप्रिल १९४८ मध्ये, जम्मू-काश्मीरसाठी पाकिस्तानशी लढाई चालू असताना, नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. वाटेत सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, वर टेकड्यांवरून मशीनगनचा मारा. ८ तारखेला काम सुरू होतंय तोच मॉर्टरचे गोळे आले. दोन सॅपर ठार, पाच जखमी, त्यांत राणे स्वतः. तरी गडी हटला नाही. रणगाड्याखाली सरपटत, ड्रायव्हरला दोरीच्या झटक्यांनी ‘थांब’, ‘चल’ सांगत त्यांनी पुढची वाट काढली, असं सांगतात. ११ तारखेपर्यंत हेच: अडथळे उडवायचे, वळणरस्ता काढायचा, गोळ्या चुकवायच्या. जायच्या आधी संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर त्यांचं मानपत्र वाचून घ्या, नाहीतर पुतळा नुसता पुतळाच राहतो.

नौकेत शिड्या उभ्या, बोळ अरुंद आणि दुपारी पत्रा असा तापतो की हात लावू नये. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर जा. गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरूनच बघावी, फार काही चुकत नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर उघडी आहे का, हे आधी गावात विचारा.

चेंडिया हे राण्यांचं जन्मगाव कारवारच्या दक्षिणेला, अंकोल्याच्या वाटेवर. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा. त्या पट्ट्यात नौदलाचा मोठा तळ आहे, तेव्हा कॅमेरा पिशवीत राहू द्या. पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. कोकणी-मराठीवर सगळीकडे निभावतं.

कारवार जमणार नसेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परम योद्धा स्थळ आहे. तिथे परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत, त्यांत राणेही आहेत. स्मारक इंडिया गेटला लागूनच आहे.