मोटर आली, दांडा तसाच राहिला

गेल्या आठवड्यात मी एक अर्ज संगणकावर भरला, त्याची प्रत छापली, तिच्यावर सही केली आणि तीच प्रत स्कॅन करून पुन्हा संगणकावर चढवली. अशा वेळी मला विजेच्या सुरुवातीच्या काळातले कारखाने आठवतात.

वाफेवर चालणाऱ्या कारखान्यात एकच मोठे इंजिन असे आणि त्याची शक्ती छताखालून गेलेल्या लांब लोखंडी दांड्यावरून, चामड्याच्या पट्ट्यांमार्फत, प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचे. दांड्याला सतत तेल द्यावे लागे, पट्टे सैल होत, तुटत, आणि एकच यंत्र चालवायचे असले तरी सगळा दांडा फिरता ठेवावा लागे. कोणते यंत्र कुठे बसवायचे हेही दांड्याच्या सोयीनेच ठरे. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, तरी १९०० च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांतील यंत्रशक्तीत विजेचा वाटा जेमतेम ५ टक्के होता. ज्यांनी वीज घेतली त्यांपैकी अनेकांनी इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसवली आणि दांडा, पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन, कामाच्या क्रमाने यंत्रे मांडता येतील अशा ऐसपैस एकमजली इमारती बांधायला आणखी काही दशके गेली.

यात माणसांचे काय झाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकती जुळणी, म्हणजे मोटार कामगारांपुढून सरकत नेत तिचे भाग जोडण्याची पद्धत, सुरू झाल्यावर मोटारीचा सांगाडा जोडण्याचा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. पण त्या एकसुरी कामाला कंटाळून इतके कामगार सोडून जाऊ लागले, की जानेवारी १९१४ मध्ये फोर्डला दिवसाला ५ डॉलर देऊ करावे लागले आणि ९ तासांची पाळी ८ तासांवर आणावी लागली. त्याच्या शंभर वर्षे आधी इंग्लंडमधल्या लुडाइट, म्हणजे निषेध म्हणून कापडाची यंत्रे फोडणाऱ्या, कारागिरांच्या वाट्याला मात्र १८१२ चा कायदा आला, ज्यात यंत्र फोडणाऱ्याला देहदंडाची तरतूद होती. त्यांतल्या अनेकांनी स्वतः वर्षानुवर्षे यंत्रे चालवली होती. तक्रार होती ती घसरलेल्या मजुरीची आणि निकृष्ट मालाची.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता एका टेबलावर लांबलचक पत्र लिहून देते आणि दुसऱ्या टेबलावर त्याच पत्राचा सारांश काढते, तेव्हा जुन्या दांड्यालाच नवी मोटर जोडली जात असल्याचे मला दिसते. माझा अर्ज हाताळणाऱ्या लिपिकाला त्यातली कोणती पायरी निरर्थक आहे हे कधीचेच कळलेले असणार. नवी प्रणाली बसवताना त्याला कोणी विचारले असेल, असे मात्र मला वाटत नाही.