रेंगाळलेले जुलाब आणि जिआर्डिया: दवाखान्यातला अनुभव

मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात आणि आठवड्याभरात ओसरतात. तिथे ओआरएस आणि झिंक पुरतं (सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस). मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाचं काही काम नाही. जुलाब दोन आठवड्यांपुढे रेंगाळले, शी तेलकट, उग्र वासाची, रक्ताविना होऊ लागली, पोट फुगलं आणि वजन अडकलं, की मी जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) शोधायला लागते.

शोध फसतो तो बहुतेकदा नमुन्यात. डायपर पातळ भाग शोषून घेतो, म्हणून तो उलटा, प्लास्टिकची बाजू आत करून बांधायला सांगते. लघवी किंवा पाणी मिसळलं तर नमुना वाया. पातळ शी अर्ध्या तासात काचपट्टीवर जायला हवी, कारण वळवळणारे जिआर्डिया लवकर मरतात आणि मेल्यावर ओळखू येत नाहीत. घट्ट शीत सिस्ट, म्हणजे कवचातले जिआर्डिया, टिकून राहतात. आयोडीनच्या थेंबात त्या लंबगोल दिसतात, पक्व सिस्टमध्ये चार केंद्रकं. पण त्या रोज पडत नाहीत. एक रिपोर्ट कोरा आला म्हणून मी थांबत नाही, एकाआड एक दिवस तीन नमुने बघते, आणि तेही औषध सुरू करण्याआधी.

रिपोर्टवर अमिबाच्या सिस्ट आल्या, तर घाई नको. त्यांच्यासारखीच दिसणारी निरुपद्रवी जात मुलांच्या पोटात असू शकते. शीत रक्त आणि आव असेल, अमिबाच्या पोटात तांबड्या पेशी दिसत असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे मेट्रोनिडाझोलचा डोसही जास्त लागतो.

जिआर्डियाला मेट्रोनिडाझोल किलोमागे दिवसाला 15 मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून, पाच ते सात दिवस. 12 किलोच्या मुलाला एका वेळी 60 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 200 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे दीड मिली. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय माप सांगूच नये, आणि चमच्याऐवजी सिरिंज वापरावी. औषध कडू, तिसऱ्या दिवशी शी बांधली की घरचे ते बंद करतात, आणि जुलाब परततात.

कोर्स पूर्ण होऊनही जुलाब राहिले, तर मी दुसरा कोर्स लगेच लिहीत नाही. आतड्याला दुखापत झाल्यामुळे काही आठवडे दूध पचत नाही. आधी दूध थांबवून दही देऊन बघते, शी पुन्हा तपासते. पाणी उकळूनच प्यायला सांगते, कारण क्लोरीनला या सिस्ट बऱ्याचदा पुरून उरतात.